कोपीतलं बोलणं

देवसिंगनं माया नातीले, ममताले, रविवारी दुपारी बारापर्यंतची मुदत देली होती. बारा वाजले की तो अर्ज घेऊन ठाण्यात जाणार. आणि त्याच ठाण्यात, त्याच आठवड्यात, ममताच्या चालचलणुकीचा कागद तपासणीले पडला होता. पुण्याच्या कंपनीनं साफ सांगितलं होतं, पोलिसांचा कागद स्वच्छ आला तर एक तारखेले कामावर या, नाही आला तर येऊ नका.

कंपनी गेमची. कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. ममतानं ते खेळ आधी खेळून पाहायचे, कुठं माणूस भिंतीतून आरपार जाते, कुठं घोडा हवेत लटकते, ते शोधून लिहून द्यायचं. अशा कामाले पगार देतात यावर मी आधी भरोसा ठेवला नाही. मग म्हटलं, आमदारालेही देतातच की.

मी रामीबाई. पुसदहून अर्ध्या तासावर आमचा तांडा. माही शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. दिवाळी झाली की मायबाप ऊसतोडीले निघायचे आणि माही शाळाही त्यांच्यासंगं ट्रकात बसून निघायची. वाचता येतं, पण सावकाश. बोलण्यात मात्र मले आजवर कोणी हरवलं नाही. होळीत आमच्याकडे लेंगी म्हणतात. एका बाजूनं बाया, एका बाजूनं माणसं, आणि गाण्यातून एकमेकांची सालटी काढायची. चाळीस वर्षं झाली, बायांच्या बाजूनं पहिली लेंगी मी उचलते. माया समोर उभं राहून गाणाऱ्या माणसानं आधी घरी विचारून यावं, आपली कोणकोणती गोष्ट बाहेर गेली आहे ते.

आणखी एक. मी खोटं बोलत नाही. हे मी मिरवाले सांगत नाही, तांडा सांगते. आमच्यात भांडण झालं तर आधी नसाब बसते, म्हणजे नायक, कारभारी आणि चार म्हातारे. नसाबीत बाईले जागा नाही. पण दोन भावांच्या बांधाचा वाद पेटला तेव्हा पंचांनी मले घरून बोलावणं पाठवलं होतं. "भाभी, मधातला दगड कुठं होता?" मी बोट दाखवलं. निकाल झाला. कोणी मोजाले टेप आणला नाही.

आता देवसिंगची गोष्ट. चौतीस वर्षांचा आहे, फाट्यावर मोबाइलचं दुकान आहे, आणि पंचायत समितीले उभं राहायचं डोक्यात आहे. त्याची माय बसंती माही जिवाची मैत्रीण होती. तीन वर्षांखाली गेली. देवसिंग माया मांडीवर मुतलेला पोरगा आहे, मले काकी म्हणते.

मागच्या दिवाळीपासून हे सुरू झालं. माहा मुलगा राजकुमार वणीले कोळशाच्या ट्रकावर आहे, सूनही तिकडेच, म्हणून ममता मायापाशी. तिनं पुसदच्या एका दुकानात दोन वर्षं काम केलं आणि लोकांनी टाकून देलेले भाग गोळा करून स्वतःचा कॉम्प्युटर उभा केला. डबा एकाचा, पंखा दुसऱ्याचा. चालू झाला की पिठाच्या गिरणीवानी घरघरते. त्याच्यावर तीन तांड्यांच्या पोरापोरींचा एक ग्रुप आहे, 'तांडा सर्व्हर' नावाचा. दोनशे बारा जण. तिथं नंबर दिसत नाही, आपण घेतलेलं नावच दिसते. ममतानं नाव घेतलं होतं 'बाभूळकाटा'. देवसिंग होता 'टायगर देवा', आणि हा टायगर कोण हे साऱ्यांले माहीत होतं, कारण फोटो त्याचाच होता, काळा चष्मा लावून.

एका संध्याकाळी मी बाजूले बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. कॉम्प्युटरातून देवसिंगचा आवाज येत होता. बंदुकीचा खेळ हरला होता आणि नेटाले शिव्या देत होता. "लॅग मारून राह्यलं बे! नाही तं आज एकबी वाचला नसता!"

मी सहज म्हटलं, "हा जिंकला का टायगर जिंकते, आन् हरला का नेट हरते."

ममता खुदकन हसली आणि तिनं ते जसंच्या तसं लिहून टाकलं. पडद्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. वरून खालपर्यंत. मी चष्मा लावून मोजली.

तेव्हापासून मले चटक लागली. लॅग काय, पिंग काय, ग्राफिक कार्ड काय, मी सारं इचारून घेतलं. देवसिंग काहीही बोलला की मी इकडून बोलायची, ममता लिहायची. तो म्हणे, आता एआय सांगेल कापसाले पाणी कधी द्यायचं. मी म्हटलं, एआयले म्हणा पहिले विहिरीत उतर, पाणी हाय का पाह्य, मंग सांग. तो म्हणे, मी पक्ष बदलला तो विकासासाठी. मी म्हटलं, तीन बाजार फिरलेल्या बैलाचे दात पाह्याची बी गरज राह्यत नाही. तोही काही कच्चा नव्हता. एकदा त्यानं लिहिलं, 'बाभूळकाट्याले सावली नसते, खाली फक्त शेळ्या बसतात.' मी अर्धा दिवस त्याच्यावर खूष होती. वाटलं, बसंतीचा पोरगा शोभते.

बाभूळकाटा कोण, याच्या पैजा लागल्या. कोणी म्हणे कॉलेजचा मास्तर, कोणी म्हणे दुसऱ्या पक्षाचा माणूस. शेंगा सोलणारी म्हातारी कोणाच्या मनात आली नाही. याचा मले थोडा रागही होता.

मग सव्वीस जानेवारी आली. देवसिंगनं मिलिटरीच्या रंगाचा शर्ट घालून फोटो टाकला. खाली लिहिलं, आपली भरती अर्ध्या इंच छातीनं गेली, नाही तर आज बॉर्डरवर असतो. तेही चाललं असतं, पंधरा वर्षं तो हेच सांगते. पण पुढं लिहिलं, 'आपल्या तांड्यातली एक पोरगी पुण्यात गेम खेळाची नोकरी करनार म्हणे. हेडफोन लावून पोट्ट्याइसंगं बोलाची नोकरी. असल्या नोकऱ्या कायच्या असतात ते सबले मालूम हाय.'

ममतानं वाचून दाखवलं आणि हेडफोन उचलून बाजूले ठेवला. 

मी सूप खाली ठेवलं. "लिही."

"जाऊ दे न, दादी."

"लिही म्हणते न! लिही: छाती अर्ध्या इंचानं कमी नोती रे वाघा. तुले टेप लागलाच नाही. मैदानाच्या गेटापाशी तुये पाय गळाले, आन् तू स्टेशनावर बसून मायनं बांधून देलेल्या भाकरी खाल्ल्या आन् वापस आला."

तिचे हात थांबले. "हे खरं हाय?"

"मी कवा खोटं बोलली?"

तिनं लिहिलं.

हसणारी तोंडं आली, पण आधी थोडा वेळ काहीच आलं नाही. त्या थोड्या वेळातच मले समजायले पाहिजे होतं. मग एकदम पूर आला. कोणी भाकरीचं चित्र टाकलं, कोणी रेल्वेचं. तिसऱ्या तांड्याच्या एकानं तर त्याच्या फोटोवर टेप चिकटवला. टायगर देवा ग्रुपातून निघून गेला. दोन दिवस दुकानाचं शटर उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो थेट नायकाकडे गेला. त्याले शोधाले काही कठीण पडलं नव्हतं. ती गोष्ट जगात त्याले आणि त्याच्या मायले माहीत होती. माय कोणापाशी मन मोकळं करायची? रामीबाईपाशी. रामीबाईच्या घरी कॉम्प्युटर कोणाचा? ममताचा. झालं. तांड्याचा रिवाज आहे, ठाण्याआधी नसाब, म्हणून त्यानं रविवार सकाळ कबूल केली. पण अर्ज लिहून तयार होता, ममताच्या नावानं, बदनामीचा.

शनिवारी दुपारी ममता मायासमोर येऊन बसली. हातात पुण्याच्या कंपनीचं पत्र होतं, घडी घालून घालून मऊ झालेलं.

"मी उद्या म्हणन, मीच लिहिलं. माफी मागन."

"माफी कायची? खरं हाय ते."

"दादी, एक इचारू? बसंतीदादीनं तुले हे कवा सांगतलं?"

मी पदरानं चष्मा पुसाले घेतला.

"कुठं सांगतलं?"

"फडावर," मी म्हटलं.

"कोपीत?"

ऊसतोडीले गेल्यावर फडाच्या कडेले पाचटाची जी झोपडी घालतात ती कोपी. आमच्या बायांत एक नेम आहे, तो कोणी शिकवत नाही, सासूचं पाहून सुनेले येते. कोपीतलं बोलणं कोपीतच राहते. फड संपला की कोपी पेटवून देतात, त्याच्यासंगं ते बोलणंही जाते. कोणाचा नवरा मारते, कोणाचं पोट पडलं, कोण रडते, सारं त्या पाचटात. तांड्यावर आल्यावर त्यातला शब्द काढायचा नाही. लेंगीत तर नाहीच. लेंगीत पोटावर बोला, पक्षावर बोला, चिंगूसपणावर बोला, ज्याच्यावर बोलता तो समोर उभा असते, त्याले उत्तर देता येते. पण कोपीतलं नाही.

बसंतीच्या हाताले कोयता लागला होता. मी चिंधी बांधत होती. ती दुखण्यानं रडत नव्हती. म्हणाली, "रामी, पोरगा गेटातूनच वापस आला. पाच हजार पोरं पाह्यली आन् पाय गळाले म्हणे त्याचे. पूर्ण तांड्याले अर्धा इंच सांगतलं. मलेच खरं सांगतलं, आन् मी तुलेच सांगून राह्यली." मी चिंधीची गाठ मारली आणि म्हटलं, "मले काही ऐकू आलं नाही."

हे मी ममताले सांगितलं नाही. पण तिले काही सांगायची गरज नव्हती, कोपीचा नेम तिच्याही कानावरून गेला आहे.

"होळीत तू असं गायली असती का?" तिनं इचारलं.

"तो तुले काय बोलला ते नाही दिसत का तुले?"

"दिसते न. त्याले उत्तर दे म्हणती तं दहा देले असते. तू दोनशे लोकात त्याच्या मेलेल्या मायले बोलाले लावलं."

माया घरात माया तोंडावर असं बोलणारं माणूस अजून जन्मलं नाही असं मी समजत होती. मी म्हटलं, "जाय, चूल पाह्य." ती गेली. चूल पेटलेलीच नव्हती.

रविवारी दहाले सेवालाल महाराजाच्या मंदिरासमोर लिंबाखाली नसाब बसली. नायक किसनसिंग माहा चुलत दीर. कारभारी रामलाल त्याच्या बाजूले. माणसं ओट्यावर, बाया मागं, पदर पुढं ओढून. देवसिंग एकटा खुर्चीवर, वरच्या खिशातून अर्जाचं टोक बाहेर आलेलं. त्याची दाढी वाढली होती. ममता बायांच्या रांगेत मायाजवळ.

रामलालनं तो मजकूर मोबाइलातून वाचाले घेतला. चष्मा घरी राहिला होता, मोबाइल कधी लांब धरे, कधी जवळ. "छाती... अर्ध्या... इंचानं..." अडखळत वाचत गेला. शेवटी म्हणाला, "आन् मंग हसणारं तोंड, हसणारं तोंड, हसणारं तोंड, हे काय हाय, भाकर हाय..."

"तोंडं वाचू नको," नायक म्हणाले.

पण तोवर मागं दोघं हसले होते. देवसिंगचे कान लाल झाले.

नायकानं इचारलं, "हे कोणं लिहिलं? इथंच सांगा, इथंच मिटवू. नाही तं देवसिंग बारा वाजता ठाण्यात जाईन, मंग माया हातात काही राह्यत नाही."

मी घड्याळ पाहिलं. मंदिराच्या भिंतीवर टांगलेलं आहे. दहा चाळीस.

ममता उठाले लागली. मी तिचा हात धरला आणि खाली बसवलं. जोरानं बसवलं, बांगडी वाजली. आणि मी उठून बायांची रांग सोडून पुढं गेली, लिंबाच्या सावलीत, जिथं बाईनं उभं राहायचं नसते.

"हे माहं हाय," मी म्हटलं. "बाभूळकाटा मी."

रामलालनं नायकाकडे पाहिलं. मग सारा ओटा हसाले लागला. म्हातारे बी. रामलाल तर डोळे पुसत होता.

"भाभी, नातीले वाचवा, पण असं तं नका सांगू. तुमाले सही कराले दहा मिनिटं लागतात!"

"लागतात. कारण मी पहिले कागद वाचते. तू न वाचता करते, म्हणून तुही सरसर होते."

आता रामलालवर हसले.

देवसिंग खुर्चीवरून उठला. "काकी, तू मधात नको पडू. हे पोरीचं काम हाय. तुले लॅग म्हणजे काय ते तरी मालूम हाय का?"

"लॅग म्हणजे तू आज बोलला ते समोरच्याले उशिरा पोचणं. जसं आमी नळाचं मागच्या उन्हाळ्यात सांगतलं, आन् पंचायतीले यंदा ऐकू आलं."

नायकानं पागोट्यावरून हात फिरवला, हसू लपवाले. देवसिंगच्या चेहऱ्यावरून मात्र काहीतरी सरकलं. त्यानं माया डोळ्यात पाहिलं, पहिल्यांदा.

"मी म्हटलं होतं, एआय सांगन कापसाले पाणी कवा द्याचं," तो हळू म्हणाला. "त्याच्यावर काय उत्तर आलतं?"

"एआयले म्हणा पहिले विहिरीत उतर."

"पक्ष बदलला ते विकासासाठी."

"तीन बाजार फिरलेल्या बैलाचे दात पाह्याची बी गरज राह्यत नाही."

आता ओटा लेंगीच्या रंगात आला होता. कोणी म्हणे "वा भाभी!", कोणी म्हणे "देवसिंग, अजून टाक!" मागं बायांत टाळी पडली. आणि खरं सांगते, माया अंगात आलं. मनात वाटलं, हेच तर पाहिजे होतं, सगळ्यांसमोर, माया नावानं. मी देवसिंगकडे पाहून म्हटलं, "आन् तू म्हटलं बाभूळकाट्याले सावली नसते. मंग तीन महिने त्याच्याच खाली येऊन काहून बसत होता?"

साऱ्यांनी खिदळून घेतलं. देवसिंग नाही हसला. तो खाली बसला. अर्ज खिशातून काढून त्यानं हातात घेतला होता आणि अंगठ्यानं त्याची कड चोळत होता, मागंपुढं, मागंपुढं. बसंतीले कोयता लागला होता त्या दिवशी ती लुगड्याचा काठ अशीच चोळत होती.

मी एक पाऊल मागं सरली.

नायकानं हात वर केला. सारे गप्प झाले. "मानलं भाभी. तुमीच. आता एकच राह्यलं." त्यांचा आवाज वेगळा होता. "बैलाचं, विहिरीचं सोडा, ते होळीचं बोलणं झालं. हे भरतीचं. हे खरं हाय का खोटं? खरं असन तं कोणाकून ऐकलं, ते सांगा. खोटं असन तं एका माणसाची इज्जत तुमी फुकट घेतली."

भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. अकराले पाच कमी.

रामलाल म्हणाला, "भाभी म्हणन ते खरं. भाभीनं दगड दाखवला तवा आपण टेप बी नाही आणला."

साऱ्यांनी माना हलवल्या. सारा तांडा माया तोंडाकडे पाहत होता. मी 'खरं' म्हटलं असतं तर तिथंच विषय संपला असता. माहा शब्द राहिला असता. देवसिंग त्या लिंबाखालून उठून ठाण्यात गेला असता, का आणखी कुठं गेला असता, मले माहीत नाही. आणि बसंतीचं नाव निघालं असतं, चार म्हाताऱ्यांसमोर, की तिनं पोराचं पोटातलं बाहेर सांगितलं.

देवसिंग वर पाहत नव्हता. मान खाली, आणि डोक्यावरचा भोवरा दिसत होता. लहानपणी तिथं तेल घालाले मीच बसायची, बसंतीचे हात दुखत म्हणून.

"खोटं," मी म्हटलं.

"काय?" नायक.

"खोटं हाय. मी मनानं जोडलं. मले राग आलता, पोरीवर बोलला म्हणून. त्याची भरती अर्ध्या इंचानंच गेली. त्याच्या मायनंच मले तवा सांगतलं होतं, अर्ध्या इंचानं गेली म्हणून. रडत होती."

 रामलालनं मोबाइल मांडीवर उलटा ठेवला.

"भाभी," नायक म्हणाले, "तुमी खोटं बोल्ल्या?"

"तुमाले ऐकू नाही येत का? का तुमचं बी नेट गेलं?" मी म्हटलं, पण त्यात काही धार नव्हती, कोणी हसलंही नाही.

म्हातारे आपसात बोलले. जास्त वेळ लागला नाही. नायकानं निकाल सांगितला तेव्हा मायाकडे न पाहता, लिंबाच्या बुंध्याकडे पाहून सांगितला. रामीबाईनं त्याच ग्रुपात स्वतःच्या आवाजात सांगावं की हे खोटं होतं. यंदाच्या होळीत रामीबाईनं लेंगी उचलू नये, बसून ऐकावी. आणि इथून पुढं नसाबीत साक्षीले रामीबाईचा शब्द धरू नये. देवसिंगनंही पोरीच्या नोकरीवर बोलल्याची माफी मागावी.

पहिल्या दोन गोष्टी मी उभ्यानं ऐकल्या. तिसरीले लिंबाच्या बुंध्यावर हात ठेवला.

देवसिंग ममताकडे पाहून "चुकलं" एवढंच बोलला आणि निघून गेला. अर्ज त्याच्या हातातच होता. कोणी विचारलं नाही, त्याचं काय करतोस. नसाब सांगू शकते, कागद हिसकावू शकत नाही.

घरी येऊन मी कॉम्प्युटरासमोर बसली. ममतानं बटण दाबलं. मी बोलली, "मी रामीबाई. बाभूळकाटा मी होती. देवसिंगच्या भरतीचं जे बोलली ते खोटं होतं." आणि हातानं खूण केली, बस. दोनशे अकरा जणांनी ऐकलं. एकही तोंड आलं नाही, ना हसणारं, ना रडणारं.

"दादी," ममता म्हणाली.

"काही बोलू नको. बारा वाजले का?"

"बाराले दहा."

मी अंगणात सूप घेऊन बसली, तूर पाखडाले. तिथून फाट्याचा रस्ता दिसते. ठाण्याकडे जाणारा माणूस तिथूनच जाईल. न्हाणीच्या चुलीवर पाणी तापत होतं. सव्वाबारा झाले. एक मोटारसायकल गेली, ती त्याची नव्हती. ममता दारात उभी होती, पत्र हातात, पुन्हा घडी घालत होती. साडेबाराले देवसिंग पायी आला आणि कुंपणाच्या तारेपाशी थांबला.

"ये," मी म्हटलं.

तो आत आला, पण बसला नाही.

"काकी, मायनं तुले कवा सांगतलं?"

"काय?"

"काय ते तुले मालूम हाय."

"तुया मायनं मले अर्धा इंच सांगतला. तेच आज तिथं बोलली."

"कोपीत?"

"कोपीत आमी पोरींच्या लग्नाचं बोलत होतो. तुहं नाव बी निघत नोतं. तू काय एवढा मोठा लागून गेला?"

तो कितीतरी वेळ मायाकडे पाहत राहिला. मी सुपाकडे पाहत होती. मले माहीत होतं की त्याले माहीत आहे. त्यालेही माहीत होतं की मले माहीत आहे. पण मी मान वर केली नाही. कोपीत बसंतीले म्हटलं होतं, मले काही ऐकू आलं नाही. ते आता तरी खरं करायचं होतं.

तो न्हाणीच्या चुलीपाशी गेला, उकिडवा बसला आणि अर्ज लाकडांच्या मधात सारला. कागद लवकर पेटला नाही, जाड होता. त्यानं काडीनं ढोसला. ममता दारातून आत गेली, तिच्या रडण्याचा आवाज आला, मग गिरणी घरघरली, म्हणजे तिनं कॉम्प्युटर लावला होता, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

देवसिंग उठला. पॅंटवरची राख झटकली. तारेपर्यंत गेला आणि वळला.

"आन् काकी, त्या दिवशी लॅग खरंच होता."

माया जिभेवर उत्तर आलं होतं. चांगलं होतं, दोनशे बारा तोंडं हसली असती असं. मी सुपाले एक झटका देला, फोलं उडून गेली, दाणे खाली राहिले.

"असन बापा," मी म्हटलं.